कारखाना कामगाराची निवृत्ती : किर्लोस्करवाडीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शेतकऱ्याला निवृत्तीचे वय नसते. हातपाय चालतात तोवर तो रानात जातो. पुढे नांगर मुलाच्या हाती येतो. गावातील सुतार-लोहारांचेही तसेच. अंगात बळ असतानाही ठराविक वयाला काम थांबवायचे, ही कल्पना ग्रामीण महाराष्ट्रात मुख्यतः कारखान्याबरोबर आली. अभियांत्रिकी उद्योगातील प्रदीर्घ सेवेच्या कामगाराला निवृत्तीसमयी काय मिळत गेले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वसाहत आणि कामगार :
लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या आश्रयाने कुंडल स्टेशनजवळील सुमारे ३२ एकर माळरानावर आपला कारखाना आणला. लोखंडी नांगरापासून आरंभ झालेले हे उत्पादन पुढे उसाचे चरक, पंप यांपर्यंत विस्तारले. अशा आडरानात तयार कारागीर मिळणे कठीण होते. कामावर येऊनच काम शिकायचे, हीच येथील शाळा होती. ओतशाळेत रसाच्या रंगावरून लोखंडाची तयारी ओळखणे, लेथवर आवाजावरून हत्याराची धार गेल्याचे जाणणे, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही; ते वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात उतरते. त्यामुळे जुना कामगार निवृत्त होतो तेव्हा त्याच्याबरोबर कारखान्याची काही विद्याही बाहेर जाते.

वसाहतीच्या जीवनात निवृत्तीला आणखी एक अर्थ होता. घर नोकरीशी जोडलेले असले की शेवटच्या हजेरीबरोबर शेजार, पाणवठा आणि मुलांचे सवंगडीही सुटतात. शाल-श्रीफळाच्या सत्कारामागे हा प्रश्न उभा असे.

कायद्याची वाटचाल :
१९१०-२० च्या दशकात तरुणपणी कामाला लागलेली पिढी १९५० च्या सुमारास निवृत्तीच्या वयाला आली. त्यांच्या सेवेचा बहुतांश काळ कायदेशीर संरक्षणाविना गेला होता. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. म्हणजे या पिढीच्या खात्यावर अखेरच्या काही वर्षांचीच सक्तीची वर्गणी जमा होऊ शकली. त्यापूर्वी जे मिळे ते मालकाच्या धोरणावर व औदार्यावर अवलंबून असे.

१९७२ च्या उपदान कायद्याने सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचे वेतन हा हक्क ठरवला. परंतु मूळ कायद्यात एकूण रकमेवर २० महिन्यांच्या वेतनाची मर्यादा होती. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरल्यास सुमारे ३५ वर्षांतच ही मर्यादा गाठली जाते. ज्याने ४० वर्षे एकाच यंत्रावर काढली, त्याच्या शेवटच्या पाच वर्षांनी उपदानात भर पडत नसे. निष्ठेचा गौरव करणाऱ्या व्यवस्थेतील ही विसंगती होती. १९८७ च्या दुरुस्तीने ही मर्यादा बदलून रुपयांत ठरवली.

मासिक निवृत्तिवेतनाची व्यापक योजना १९९५ मध्ये आली. तत्पूर्वी १९७१ च्या योजनेचा भर कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देण्यावर होता. नव्या योजनेतही जुन्या सेवेसाठी ठराविक व अल्प लाभच धरला गेला. परिणामी १९९५ नंतर लवकरच निवृत्त झालेल्यांची सेवा दीर्घ, पण निवृत्तिवेतन तुटपुंजे राहिले. २०१४ मध्ये दरमहा किमान १००० रुपयांची तरतूद करावी लागली, यावरूनच त्या रकमांची कल्पना येते.

निष्कर्ष :
औदार्याकडून हक्काकडे झालेली ही वाटचाल निर्विवाद महत्त्वाची आहे. मात्र प्रत्येक सुधारणा ज्यांच्या श्रमातून तिची गरज सिद्ध झाली, त्यांच्या हाती उशिराच पोहोचली. आपल्या उद्योगांचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. कामगार त्यात समूहचित्रातील चेहरा म्हणून उरतो. १९६०-७० च्या दशकांत कामाला लागलेले अनेक कामगार आज वृद्धापकाळात आहेत. औद्योगिक परिसरातील महाविद्यालयांनी त्यांच्या मुलाखती, वेतनपावत्या व सेवापुस्तके यांचे संकलन हाती घेणे आवश्यक आहे. हा साक्षीदार गेल्यावर ते काम होणार नाही.