थंडी दुसऱ्यांची, लोकर अंधेरीची

अंधेरी हे काही गळा झाकून फिरायचं गाव नव्हे. ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतो, आणि सकाळी नऊच्या लोकलमध्ये घुसलेल्या माणसाला गळ्याशी काही लागलंच तर घाम पुसायला रुमाल लागतो. तरी दिवाळी सरली की शिवणसामानाच्या दुकानांत लोकरीचे गुंडे पुढच्या फळीवर येतात, आणि दुपारच्या निवांत वेळी सोसायट्यांमधून कुणी ना कुणी गळपट्टा विणायला घेतंच. सध्या चलती आहे ती आखूड, बटणांच्या गळपट्ट्याची. क्रोशाचं काम, अंगभर उठावाची नक्षी, एका कडेला दोन-तीन लाकडी किंवा करवंटीची बटणं आणि खालच्या काठाला दशा. जेमतेम वीतभर उंचीची ही वस्तू. पण तिचा टाका, तिची लोकर, तिची बटणं आणि तिच्या दशा हे सगळं निरनिराळ्या वाटांनी इथवर आलेलं आहे.

सुरुवात टाक्यापासून करू. क्रोशाचा पाया म्हणजे साखळी: एका फासातून दुसरा फास ओढायचा. अशी साखळी आकड्याच्या सुईनं कापडावर काढण्याचं कसब कच्छ-गुजरातच्या मोची कारागिरांकडे पूर्वापार आहे. त्या सुईला आरी म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकात हे भरतकाम ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून युरोपात गेलं. पुढे युरोपातल्या बायका कापड गोल चौकटीवर ताणून आकड्यानं साखळ्या काढू लागल्या. मग केव्हातरी खालचं कापडच गेलं आणि साखळी मोकळ्या हवेत, स्वतःच्याच आधारानं उभी राहिली. क्रोशाच्या इतिहासाचे बरेच अभ्यासक त्याचा जन्म असा मानतात. १८२० च्या दशकात ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात त्याचे नमुने छापून आले आणि १८४० नंतर इंग्लंडमध्ये नमुन्यांच्या पुस्तकांची रीघ लागली. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ती जोगिणींनी मठांतून गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकवली. लेस श्रीमंतांच्या गळ्यात गेली आणि तिच्या पैशांवर कितीतरी घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. क्रोशा पोटाच्या कामाला आला तो असा, आणि विणणारीनं तो स्वतःसाठी विणायचा नाही ही रीतही तेव्हापासूनचीच.

आपल्याकडे क्रोशा परतला तो अशाच मिशनऱ्यांच्या वाटेनं. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटिश मिशनऱ्यांनी तो रुजवला. मुंबईच्या उत्तरेला साष्टीत कॉन्व्हेंटच्या शाळा त्याला पोषक ठरल्या. बेल्जियमच्या लिएज शहरात १८३३ साली स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या जोगिणी १८६० च्या दशकात हिंदुस्थानात आल्या आणि वांद्र्यात त्यांच्या शाळा नि अनाथगृहं उभी राहिली. वांद्र्यापासून अंधेरी ती किती लांब? मरोळ, चकाला, गुंदवली, कोंडिविटे, वेसावे ही तेव्हाची भातशेतीची आणि मासेमारीची गावं. त्यांतली कित्येक मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची. कोंडिविट्याला तर जेझुइटांनी १५७९ साली बांधलेलं देऊळ होतं, ज्याचे भग्न अवशेष आज सीप्झ या निर्यात-उद्योग क्षेत्राच्या कुंपणाआड उभे आहेत. या समाजानं १८८७ साली ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. त्यांच्या घरांतल्या शाळकरी मुलींच्या हाती सुई आली ती वेदीवरच्या कापडाची झालर, बाप्तिस्म्याचं टोपडं, लग्नातला जाळीचा ओढणा असल्या कामांसाठी. दोरा सुती, सुई पोलादी आणि इतकी बारीक की उजेड कमी झाला की काम ठेवून द्यावं.

हिंदू घरांत क्रोशा शिरला शाळेच्या दारानं. १८६६ साली इंग्लिश समाजसुधारक मेरी कार्पेंटर मुंबईत आली तेव्हा मुलींच्या शाळांतून सुईकाम नीट शिकवावं यावर तिचा भर होता. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन चालवायला घेतलं, तिथेही शिवण-टिपण हे बाईला चार पैसे मिळवून देणारं शिक्षण मानलं गेलं. पण मध्यमवर्गात क्रोशाची खरी जागा ठरली ती रुखवतात. ताटावरचे रुमाल, मण्यांच्या वजनानं खाली राहणारी दुधाची जाळी, दाराचं तोरण, चौकोनी घरं भरून काढलेली राजहंसाची जोडी. लग्नात हे मांडून ठेवायचं, मुलीच्या हाताला वळण आहे हे चारचौघांना दाखवायचं आणि मग सासरच्या कपाटात ठेवून द्यायचं. रेडिओ आला तेव्हा त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पडला, पुढे टीव्हीवर आणि फ्रिजवरही पडला. मात्र अंगावर घालायची वस्तू महाराष्ट्रात क्रोशानं क्वचितच केली जाई.

त्याला कारण लोकर. महाराष्ट्राची स्वतःची लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची, काळी आणि भरड. धनगरांनी कातरायची, सनगरांनी मागावर विणायची आणि तिची घोंगडी व्हायची. पावसात, शेतात, कीर्तनाच्या बैठकीला घोंगडीसारखं दुसरं काही नाही. पण गळ्याशी बांधली तर कातडी सोलवटते. देशावरच्या गारठ्यात गळ्याशी असायचं ते उपरणं, पंचा, फार तर शेला. मऊ लोकर बाहेरून यायची: कानपूरच्या लाल इमली गिरणीची, पंजाबातल्या धारीवालची, पुढे लुधियानाची. आज अंधेरीत लोकर म्हणून जे मिळतं ते बहुधा मेंढीचं नसतंच. अमेरिकेत १९५० च्या सुमारास बाजारात आलेल्या अ‍ॅक्रिलिक धाग्याचं ते वंशज. स्वस्त, न टोचणारं, यंत्रात धुता येणारं. त्याच्यावर गरम इस्त्री तेवढी फिरवायची नाही. नक्षीचा उठाव जो बसतो तो पुन्हा उठत नाही.

लोकरीचा गळपट्टा मुंबईच्या बायकांच्या हाती आला तो युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात गव्हर्नरपत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं मुंबईत स्त्रियांची मदत शाखा निघाली आणि सैनिकांसाठी कपडे तयार होऊ लागले. पण मराठी घरांना आठवतं ते १९६२, चीनशी झालेल्या युद्धाचं वर्ष. त्या वर्षी २२ जानेवारीला सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांवर उतरला. मुंबईच्या नोंदींतला तो नीचांक आजही कायम आहे. म्हणजे मुंबईला स्वतःची थंडी खऱ्या अर्थानं त्याच वर्षी वाजली. आणि लोकर हातात घेतली ती मात्र ऑक्टोबरात, लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल) इथल्या जवानांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळल्यावर. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा जो तो म्हणे. सह्याद्रीच्या पायथ्याशी बायका स्वेटर, कानटोप्या, हातमोजे, मफलर विणत होत्या. शाळांतल्या मुलींनी विणले, महिला मंडळांनी गोळा केले. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता त्यांनी बर्फासाठी टाके घातले.

बटणंही युद्धातूनच आली. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियाच्या युद्धानं लोकरी कपड्यांना दोन मोठ्या देणग्या दिल्या. एक बालाक्लावा, म्हणजे आपल्याकडची माकडटोपी. दुसरा कार्डिगन, लॉर्ड कार्डिगनच्या नावानं ओळखला जाणारा, पुढून उघडणारा बटणांचा स्वेटर. डोक्यावरून ओढायची लोकर बटणांनी बंद करता येते, केस न विस्कटता घालता-काढता येते, हे तिथून रुळलं. गळपट्ट्याला बटण लावलं की आणखी एक गोष्ट साधते. मफलर नीट गुंडाळायचा तर पाच-सहा फूट लांबी लागते, आणि गर्दीत त्याचं टोक कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात अडकतंच. बटणांचा पट्टा दोन-अडीच फुटांत भागतो, लोकर निम्म्याहून कमी लागते आणि टोक लोंबत नाही. शिवाय क्रोशाला काज कातरावं लागत नाही. कडेच्या ओळीत दोन साखळ्या घालून खालची दोन घरं सोडली की काज तयार.

आता उठावाची नक्षी. दोन सुयांवरच्या विणकामात उलट-सुलट टाक्यांनी ज्या उभ्या पट्ट्या पडतात, त्या क्रोशात आणायला वेगळी युक्ती आहे. नेहमीचा खांब घालताना सुई खालच्या खांबाच्या माथ्यावरच्या घरात जाते. उठावाच्या खांबाला ती माथ्यात घालायची नाही, खालच्या खांबाच्या कंबरेभोवती फिरवून आणायची. पुढून फिरवली तर तो खांब पुढे उठतो, मागून फिरवली तर मागे दबतो. एक पुढून, एक मागून असं करत गेलं की पन्हाळी पत्र्यासारखे उंच-सखल पट्टे पडतात, हवा धरून ठेवतात आणि पट्टा अंगाला लवचीक होतो. लोकर मात्र भसाभस संपते आणि बोटं दुखतात. शिकाऊ हाताला पहिल्या चार ओळींत काहीच दिसत नाही. पाचवीपासून नक्षी वर यायला लागते.

आणि दशा? मागावर कापड विणलं की ताण्याची टोकं मोकळी राहतात. ती पिळून गाठ मारली नाही तर बाणा निसटत जातो आणि कापड उसवतं. उपरण्याच्या, शेल्याच्या, घोंगडीच्या दशा अशा गरजेतून आल्या. क्रोशाला मुळात ताणाच नाही. सगळी वस्तू एकाच धाग्याची, शेवटचा फास घट्ट ओढला की काम संपलं. म्हणजे क्रोशाच्या गळपट्ट्याला दशांची काडीचीही गरज नाही. त्या वेगळ्या लावाव्या लागतात: वीतभर लांबीचे धागे कापायचे, दोन-दोन एकत्र दुमडायचे, काठाच्या घरातून सुईनं दुमड ओढून काढायची आणि त्या फासातून टोकं घेऊन ताणायची. मागाशी काही नातं नसलेल्या वस्तूनं मागाची खूण हौसेनं मिरवायची, असा हा प्रकार. पण गळ्याखालचा काठ दशांच्या वजनानं वळत नाही, एवढा त्यांचा आजचा उपयोग.

ही सगळी जुळणी अंधेरीत का टिकली, याचं उत्तर नकाशात आहे. सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरी पूर्वेलाच आहे. १९६५ साली अमेरिकेनं परदेशी लोकांच्या प्रवेशाचे कायदे सैल केले आणि पुढच्या दशकांत मराठी डॉक्टर-इंजिनियर तिकडे गेले. मग लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी आया जाऊ लागल्या. त्यांच्या सामानात मेतकूट, डिंकाचे लाडू आणि लोकरीचं टोपडं-झबलं असे, आणि जावयासाठी, थोरल्या नातवासाठी एखादा गळपट्टा. शिकागोच्या वाऱ्याशी क्रोशाच्या भोकांतून झगडणं अवघडच. तरी तो पट्टा तिकडे गेला. गेल्या काही वर्षांत अंधेरीला स्वतःचीही थंडी मिळाली आहे, यंत्रातली. ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित लोकल आली. एमआयडीसी आणि सीप्झमधल्या कचेऱ्यांतून रात्रपाळीच्या मुली खुर्चीच्या पाठीवर असा पट्टा टाकून ठेवतात. वेदी, सासर, सरहद्द, परदेश एवढा फेरा झाल्यावर गळपट्टा पहिल्यांदाच विणणारीच्या किंवा तिच्या शेजारणीच्या गळ्यात आला.

राहता राहिली किंमत. दोन सुयांच्या विणकामाचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं १५८९ मध्येच तयार केलं. क्रोशाचं तसं यंत्र कारखान्यांत आजही रुळलेलं नाही. यंत्रावर होते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. दुकानात टांगलेला खऱ्या क्रोशाचा प्रत्येक कपडा कुणाच्या तरी बोटांतून एकेक टाका करत उतरलेला असतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली नरसापूरच्या लेसवाल्या बायकांवर पुस्तक लिहिलं, त्यात हेच दाखवलं: माल परदेशी जातो, व्यापारी पुरुष पैसे करतात, आणि विणणारी मात्र ‘घरी बसून फावल्या वेळात काहीतरी करणारी गृहिणी’ ठरते. उलट मुंबईतच १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. पापडही घरातलंच काम, पण ते किलोवर मोजलं गेलं आणि मोबदला ठरला. आपल्या घरांतला क्रोशा मात्र कायम प्रेमानं दिला गेला, म्हणून तो मोजायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

तेव्हा हिशेब करून पाहू. उठावाचा, बटणांचा, दशा लावलेला पट्टा सरावलेल्या हातालाही सहा-आठ तास घेतो. समजा लोकर आणि बटणं मिळून २०० रुपये झाले आणि महिला मंडळाच्या प्रदर्शनात तो ५०० रुपयांना मांडला. आठ तासांचे ३०० रुपये, म्हणजे तासाला साडेसदतीस. त्यातही गिऱ्हाईक म्हणतं, ‘काकू, साडेतीनशेला द्या, लोकर तर स्वस्तच असते की!’ लोकर स्वस्त आहे हे खरंच. महाग आहे तो वेळ, आणि दीडशे वर्षं तो फुकटात मिळत आला. पुढच्या वेळी घासाघीस करण्याआधी काकूंना किती तास लागले एवढं विचारा, आणि विणणाऱ्या काकूंनो, न विचारता तो आकडा चिठ्ठीवर किमतीच्या वर लिहा.