समुपदेशकाची खोली: प्रिन्स्टन ते बुलढाणा

१/ सन १९१०. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात हुशार विद्यार्थी मानसिक अस्वास्थ्यामुळे शिक्षण अर्धवट सोडत होते. मनोविकारतज्ज्ञ स्ट्यूअर्ट पेटन यांच्या प्रयत्नांतून तेथे विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्यसेवा उभी राहिली. अशा प्रकारची ती पहिली सेवा मानली जाते.

२/ बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ पासून अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. परंतु शासनाने २०१५ मध्ये समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' आखला, तो शेतकऱ्यांसाठी. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत बुलढाणाही होता. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन खचलेला माणूस ओळखावा आणि त्यास उपचारांपर्यंत न्यावे, ही त्यामागील योजना.

३/ नापिकी आणि कर्जाचा भार त्याच घरांतील मुलामुलींच्या मनावरही होता. तो घेऊनच ती महाविद्यालयात येत. त्यांची विचारपूस कोणी करावयाची?

४/ २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरला. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला.

५/ प्रिन्स्टनमध्ये जी सोय एका विद्यापीठाने आपणहून केली, ती येथील महाविद्यालयांवर ११५ वर्षांनी बंधनकारक झाली.