देवमाणसाची खुर्ची

१९६४च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या उत्तरेला, जंगलाच्या कडेला असलेल्या त्रोस्ली-ब्रय नावाच्या खेड्यात जाँ व्हानिए नावाच्या माणसाने एक जुनं घर लावलं आणि तिथे तीन माणसांना राहायला आणलं. घरात धड संडासही नव्हता. तिघांनाही बौद्धिक अक्षमता होती आणि तिघेही तोवर एका मोठ्या निवासी संस्थेत राहत होते. राफाएलला लहानपणी मेनिंजायटिस झाला होता, त्याला मोजके शब्दच बोलता येत. फिलीपला मेंदूज्वर होऊन गेला होता. त्याचा एक हात आणि एक पाय लुळा होता, पण बोलायला लागला की थांबत नसे. आईवडील गेल्यावर या दोघांना संस्थेत ठेवलं गेलं होतं. तिसऱ्याला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. नव्या जागेत तो पहिल्याच रात्री इतका बिथरला की दुसऱ्या दिवशी त्याला परत संस्थेत पोचवावं लागलं.

राहिले राफाएल आणि फिलीप. त्या घरातून ‘लार्श’ उभी राहिली. फ्रेंचमध्ये लार्श म्हणजे नौका, बायबलमधल्या नोहाची. आज सुमारे चाळीस देशांत तिच्या दीडशेहून जास्त वस्त्या आहेत.

ही गोष्ट अनेक वर्षं एका देवमाणसाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. तशी सांगणं सोपंही होतं. व्हानिएचे वडील कॅनडाचे गव्हर्नर जनरल. मुलगा तेराव्या वर्षी, ऐन दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडच्या नौदल विद्यालयात दाखल झाला. पुढे अधिकारी झाला. १९५०मध्ये त्याने नौदल सोडलं, ॲरिस्टॉटलवर प्रबंध लिहिला आणि टोरोंटोत थोडे दिवस शिकवलंही. मग हे सगळं सोडून, ज्यांना कुणी घरात घेत नव्हतं त्यांच्यासोबत राहायला गेला. सव्वासहा फूट उंची, हळू आवाज, चेहऱ्यावर कायम हसू. २०१५मध्ये त्याला टेम्पलटन पुरस्कार मिळाला. १९९०मध्ये हाच पुरस्कार बाबा आमटे यांना मिळाला होता. ७ मे २०१९ रोजी नव्वदाव्या वर्षी तो गेला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला जवळपास संतपद बहाल केलं होतं.

वर्षही उलटलं नाही. २२ फेब्रुवारी २०२० रोजी एक अहवाल बाहेर आला. व्हानिएने किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं, असं त्यात म्हटलं होतं. अहवाल कुठल्या विरोधकाने काढलेला नव्हता. लार्शनेच बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करून घेतली होती आणि स्वतःच तो जाहीर केला होता.

अशा वेळी दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘माणूस वाईट होता, पण काम चांगलं होतं.’ दुसरं, ‘सगळंच ढोंग होतं.’ मला दोन्ही पटत नाहीत. पण ती बाजूला ठेवण्याआधी मुळात काम काय होतं, ते नीट बघायला हवं.

१९६४च्या युरोपात बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा दोनच जागा येत. एक, घरातली मागची खोली. दुसरी, गावाबाहेरची मोठी संस्था. आणि या संस्थांच्या भिंतींमागे काय घडू शकतं, हे तेव्हा पंचवीस वर्षंही जुनं नव्हतं. नाझी जर्मनीत १९४० आणि १९४१मध्ये सत्तर हजारांवर अपंग आणि मनोरुग्ण माणसांना गॅस देऊन मारण्यात आलं. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये तसा हुकूम कुणी काढला नाही. तिथे रेशन तुटपुंजं होतं, आणि मनोरुग्णालयांत चाळीस हजारांहून जास्त माणसं उपासमारीने आणि त्यातून येणाऱ्या आजारांनी मेली. मारायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. वाटप करताना ती माणसं कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती.

युद्धानंतर संस्था चालूच राहिल्या. व्हानिएने पॅरिसच्या दक्षिणेला अशीच एक संस्था पाहिली होती. ऐंशीएक पुरुष, करायला काहीही काम नाही, दिवसभर गोल गोल फेऱ्या, दुपारी सक्तीची झोप. आपण आत गेलो की प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो, तू परत येशील का, असं तो पुढे सांगत असे.

या व्यवस्थेविरुद्ध उभा राहिलेला व्हानिए काही एकटा नव्हता. व्हिएन्नातून नाझींमुळे परागंदा झालेला डॉक्टर कार्ल क्योनिग याने १९४०मध्येच स्कॉटलंडमध्ये ‘कॅम्पहिल’ ही सहजीवनाची वस्ती सुरू केली होती. डेन्मार्कने १९५९मध्ये कायदा करून अशा माणसांचं आयुष्य शक्य तितकं इतरांसारखं असावं, हे धोरण मान्य केलं. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये याने १९६९मध्ये त्याची तात्त्विक मांडणी केली. सकाळी उठावं, कपडे करावेत, कामाला जावं, संध्याकाळी घरी यावं, आठवड्याला सुट्टी असावी, वर्षात सण यावेत. वाचताना वाटतं, यात काय मोठंसं? पण ज्या माणसाला दुपारी चार वाजता रात्रीचं जेवण देऊन झोपवलं जात असे, त्याच्यासाठी हे फार मोठं होतं.

लार्शने यात एक भर घातली. इतर ठिकाणी बहुधा काळजी घेणारा पगारी कर्मचारी संध्याकाळी आपल्या घरी जाई. इथे तो तिथेच राही. एका छताखाली दोन्ही प्रकारची माणसं. बरीचशी तरुण मुलं वर्ष-दोन वर्षांसाठी यायची, किरकोळ मानधनावर. दिवसा कार्यशाळेत काम, संध्याकाळी सगळ्यांचं एकत्र जेवण, प्रत्येकाचा वाढदिवस. १९६५मध्ये त्याच गावातली तीसएक पुरुषांची एक संस्था व्हानिएच्या हाती आली आणि प्रयोग एकदम मोठा झाला. १९६९मध्ये टोरोंटोजवळ ‘डेब्रेक’ सुरू झालं. १९७०मध्ये बंगलोरला ‘आशा निकेतन’ उघडलं. ख्रिश्चन चळवळीच्या या घरात हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन एकत्र राहू लागले. पुढे कोलकाता, चेन्नई आणि केरळमध्येही घरं झाली.

यातलं सगळ्यात अवघड तत्त्व परस्परतेचं. मदत एकाच दिशेने वाहत असेल, तर ते घर होत नाही, तो वॉर्ड होतो. देणाऱ्यालाही काही घ्यावं लागतं. हेन्री नूवेन हा डच धर्मगुरू येल आणि हार्वर्डमध्ये शिकवून १९८६मध्ये डेब्रेकला राहायला आला. त्याच्याकडे पहिलं काम आलं ते ॲडमचं. ॲडमला बोलता येत नव्हतं, आधाराशिवाय चालता येत नव्हतं, फिट्स येत. त्याला उठवणं, आंघोळ घालणं, दाढी करणं, कपडे चढवणं, भरवणं यात दोन तास जात. नामांकित प्राध्यापकाला सुरुवातीला भीती वाटली. घाई केली की ॲडमला फिट येते, हे त्याला हळूहळू कळलं. त्या दोन तासांत आपल्याला थांबायला शिकवणारा ॲडम होता, असं नूवेनने पुढे लिहिलं. ॲडमवरचं त्याचं पुस्तक तो गेल्यानंतर प्रसिद्ध झालं.

व्हानिएनेही स्वतःबद्दल एक कबुली दिली होती. सुरुवातीला आपण नौदलातल्यासारखेच वागलो. काय शिजवायचं, कधी उठायचं, कुठे जायचं, सगळं आपणच ठरवलं. राफाएल आणि फिलीपचं म्हणणं ऐकायला आपण उशिरा शिकलो. ही कबुली लोकांना फार आवडायची. तीही त्याच्या मोठेपणाच्या खात्यात जमा व्हायची.

आता अहवालाकडे येऊ.

२०२०नंतर लार्शने इतिहास, समाजशास्त्र, मनोविकारशास्त्र, धर्मशास्त्र अशा क्षेत्रांतल्या सहा संशोधकांचा स्वतंत्र आयोग नेमला. ३० जानेवारी २०२३ रोजी त्याचा सुमारे नऊशे पानांचा अहवाल आला. स्त्रियांची संख्या आता किमान पंचवीस झाली होती आणि काळ होता १९५२ ते २०१९. बहुतेकींच्या गोष्टीत एक समान धागा होता. त्या आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी व्हानिएकडे जात, आणि प्रार्थनेच्या भाषेतच त्यांच्यावर लैंगिक जवळीक लादली जाई. हे देवाचंच प्रेम आहे, असं त्यांना सांगितलं जाई. यात बौद्धिक अक्षमता असलेली कुणी व्यक्ती असल्याचं आढळलं नाही.

आयोगाने मुळालाही हात घातला. व्हानिएचा गुरू होता तोमा फिलीप नावाचा धर्मगुरू. त्याच्या अशाच वागण्याच्या तक्रारी स्त्रियांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच केल्या होत्या आणि १९५६मध्ये व्हॅटिकनने त्याला धर्मकार्याची बंदी केली होती. आपल्याला यातलं फारसं माहीत नव्हतं, असं व्हानिए शेवटपर्यंत सांगत राहिला. जुन्या पत्रांतून दिसलं ते वेगळंच. त्याला माहीत होतं, आणि तो त्यात सामीलही होता. त्रोस्लीत तो गेला तो याच गुरूमुळे. पांगलेल्या त्या छोट्या वर्तुळाला पुन्हा एकत्र आणणं, हा लार्शच्या स्थापनेमागचा एक हेतू होता. म्हणजे देवमाणसाने सगळं सोडून दुबळ्यांकडे जाणं ही जी सुरुवात आपण ऐकत आलो, ती निदान अर्धवट होती. मात्र हे वर्तुळ मोजक्या माणसांपुरतं राहिलं, जगभरच्या वस्त्यांत ते पसरल्याचं दिसत नाही, असंही आयोगाने नोंदवलं.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती २०१६ची एक घटना. त्या वर्षी एका स्त्रीने लार्शच्या नेतृत्वाला व्हानिएबद्दल सांगितलं. त्याला विचारण्यात आलं. संबंध होते हे त्याने मान्य केलं, पण ते परस्पर संमतीचे होते असं आपण समजत होतो, असं उत्तर दिलं. परस्पर. ज्या शब्दावर लार्श उभी होती, नेमका तोच शब्द. मार्गदर्शन मागायला आलेली तरुण मुलगी आणि जगाने संत मानलेला पुरुष, यांच्यात परस्परता कशी असणार? ज्या माणसाने आयुष्यभर सत्ता आणि दुबळेपणावर व्याख्यानं दिली, त्याला हा हिशोब कळत नव्हता, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

म्हणून ‘माणूस वाईट, काम चांगलं’ हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. त्यात माणूस आणि काम यांच्यामध्ये एक सोयीची भिंत घातली जाते. कामाचं तत्त्व होतं की टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्या एका उंचीच्या असतील. हे तत्त्व राफाएलला लागू होतं, नूवेनला लागू होतं, बंगलोरच्या घरात लागू होतं. एक खुर्ची तेवढी त्यातून वगळलेली होती. तिच्यावर बसलेल्याला नाही म्हणायची सोय नव्हती, त्याला प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. शोषण झालं ते त्या एका खुर्चीच्या आसपास. तत्त्व खोटं होतं म्हणून ते घडलं नाही. संस्थापकाला त्या तत्त्वातून माफी मिळाली होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक साधा नियम असतो. कितीही अनुभवी इंजिनिअर असो, त्याने लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. यात त्याच्यावर अविश्वास नसतो, त्याचा अपमानही नसतो. पण ज्या टीममध्ये ‘सरांचा कोड काय तपासायचा’ असं सुरू होतं, तिथे एक दिवस सगळं बंद पडतं आणि कुठे चुकलं हे कुणालाच सांगता येत नाही. समाजसेवेत आपण नेमकं हेच करतो. देवमाणूस हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. पण ज्याला देव म्हटलं, त्याच्याविरुद्ध बोलणारीचं म्हणणं ऐकायची आपली तयारी त्याच क्षणी संपते. त्या पंचवीस जणींपैकी कितीजणींनी बोलायचं मनात आणून गप्प राहणं पत्करलं असेल?

लार्श बंद पडली नाही. कॅनडात व्हानिएच्या नावाच्या काही शाळांची नावं बदलली गेली. घरं मात्र चालू आहेत, कारण ती एका माणसाच्या आधारावर कधी चालत नव्हतीच. सकाळी कुणीतरी कुणाला आंघोळ घालतं, कुणीतरी टेबलावर ताटं मांडतं, कुणाचा तरी वाढदिवस येतो. स्वतःच्या संस्थापकाचा नऊशे पानी हिशोब जगासमोर मांडण्याचं धैर्यही याच माणसांनी दाखवलं. त्या वगळलेल्या खुर्चीला नियम लावायला साठ वर्षं लागली, पण तो लावला घरातल्यांनीच.

ही गोष्ट पुन्हा लिहायची झाली तर मला वाटतं, ती व्हानिएपासून सुरू करू नये. जुन्या फोटोंत राफाएल आणि फिलीप बहुधा त्याच्या शेजारी असतात, आणि मजकूर सांगतो की त्याने त्यांना घरी आणलं. तुम्हाला यायचं आहे का, असं त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न त्या मजकुरात नसतो. आणि तो तिसरा माणूस तर फोटोतही नाही. एका रात्रीत घर नको म्हणून त्याने आपल्या परीने सांगितलं होतं. त्या घरात नाही म्हणणारा पहिला माणूस तोच.