कुंडलिकेच्या काठाने, बंधारे बघत

बीव्हर माहितीये ना? दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. पाणी झिरपल्याचा आवाज आला की लगेच डागडुजीला हजर! भारतात तो नाही. म्हणून मी माणसांचे बंधारे बघायला निघालो, जालन्याच्या मस्तगडापासून कुंडलिकेच्या काठाने वर, घाणेवाडीकडे.

मस्तगड १७२५ चा. निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिल खानाने बांधला. पण पाण्याची गोष्ट त्याच्याही आधीची. जमशेद खानाने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांतून पाणी गावात आणलं. मोटर नाही, वीज नाही, नुसता उतार! पुढे डागडुजी थांबली आणि नळ निकामी झाले.

घाणेवाडीचा तलाव निजामाच्याच राजवटीतला. २०१२-१३ च्या दुष्काळात तोही आटला. आमच्या गल्लीत रात्रभर घागरींची रांग असायची. तेव्हा लोकांनीच तलावातला गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो रानात नेऊन टाकला. नदीवर बंधारेही झाले.

परवा त्यातल्या एका बंधाऱ्याच्या फटीतून पाणी गळताना दिसलं. आवाज रेकॉर्ड केलाय, एपिसोडच्या शेवटी लावतो. हेडफोन लावून ऐका.