आखाडा, एक्स-रे आणि उकड्या तांदळाची पेज

दरवर्षी जून महिना आला की आमच्या कार्यालयात एक परिपत्रक फिरते. 21 जूनला भल्या सकाळी सभागृहात हजर राहावे, चटई आपापली आणावी. 2015 पासूनचा हा शिरस्ता. बाहेर धो धो पाऊस आणि आत आम्ही कारकून मंडळी एका पायावर वृक्षासनात डुगडुगत उभी. यंदा शवासनातून उठता उठता शेजारचा सहकारी म्हणाला, "योग जालो, आतां भाजी-पाव!" सगळे हसलो, आणि खरेच भाजी-पाव खायला गेलो.

वाक्य मात्र डोक्यात राहिले. खुर्चीवर बसून बसून कंबर धरली म्हणून तीन वर्षांपूर्वी मी आसने सुरू केली. कंबर सुटली. पण वजनाचा काटा हलला नाही, आणि घरातली माणसे म्हणतात की माझी चिडचिडही होती तेवढीच आहे. मग तीन वर्षांत 'योग जालो' म्हणजे नेमके काय झाले? हरमल-मांद्रेच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांचे योगवर्ग पाहून आपल्याला वाटते की हे प्रकरण आता त्यांचेच. पण आज चटईवर जे चालते त्याचे धागे शोधत गेलो, तर त्यांतले बरेच मराठी माणसांच्या हातात सापडले. तेही महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या, आपल्यासारख्याच माणसांच्या.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 1883 सालचा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. बडोद्यात तेव्हा जुम्मादादा व्यायाममंदिराचे मोठे नाव होते. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद आणि त्यांचे पट्टशिष्य प्रोफेसर माणिकराव. या माणिकरावांकडे गुण्यांनी 1907 ते 1910 अशी तीन वर्षे देशी व्यायामाचे धडे घेतले. स्वदेशीचे वारे होते. देश स्वतंत्र व्हायचा तर आधी शरीर कमवले पाहिजे, ही त्या पिढीची श्रद्धा. पुढे खानदेशात अंमळनेरला शिक्षकी करत असताना 1919 च्या सुमारास ते नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे पोचले. माधवदासजी मूळ बंगालचे, वयाने फार वृद्ध. त्यांचेच दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनी 1918 मध्ये मुंबईत योगसंस्था काढली होती.

गुण्यांच्या मनात श्रद्धा होती, पण शंकाही होती. गुरू सांगतात ते खरे, पण शरीरात प्रत्यक्ष घडते काय? म्हणून बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांच्या पोटाची क्ष-किरणांनी तपासणी करवली. हे 1920 नंतरच्या एक-दोन वर्षांतले. ऑक्टोबर 1924 मध्ये लोणावळ्याला 'कैवल्यधाम' उभे राहिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक निघाले. तोवर गुणे स्वामी कुवलयानंद झाले होते. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे पाऱ्याच्या दाबमापकाने दाखवून त्यांनी त्या पोकळीला गुरूंचेच, म्हणजे माधवदासांचे नाव दिले.

मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त भावली. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, असे आजही वर्गावर्गांतून सांगतात. कुवलयानंदांनी मोजले तेव्हा तसे काही दिसले नाही. त्यांनी ते लपवले नाही, सरळ छापले. प्राणायामाचे मोल प्राणवायूत नाही, मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. आपल्याच श्रद्धेची अशी तपासणी करायला धैर्य लागते.

दुसरा धागा साताऱ्याकडच्या औंध संस्थानातला. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, आणि संस्थानातल्या शाळांतूनही ते घालून घेत. 1938 मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या साहाय्याने त्यांचे सूर्यनमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. गंमत अशी की हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत सूर्यनमस्कार नाहीत. जगभर ज्याला आज योग म्हणतात, त्यातली ती लयबद्ध हालचाल पुष्कळशी आखाड्याच्या अंगाने आलेली आहे. यात कमीपणा मुळीच नाही. पण आपण काय करतो आहोत ते कळलेले बरे.

आता खाणे. पंधराव्या शतकातली स्वात्मारामाची हठयोगप्रदीपिका काढून बसलो आणि हसूच आले. वर्ज्य पदार्थांत नुस्ते आणि मांस असणार हे ठाऊक होते. पण यादीत दही, ताक, कुळीथ, हिंग, लसूणही आहेत! म्हणजे आमचे स्वयंपाकघर जवळजवळ बंदच. सोमवारी शिवराक राहून उरलेले दिवस हुमण ओरपणाऱ्या मला हे झेपणार नव्हते. पण पथ्याच्या यादीत तांदूळ आहे, साठ दिवसांत येणारे साठीचे भात आहे, मूग आहेत, सुंठ, दूध-तूप आहे. आजारपणात आजी मुगाचे कढण आणि पेज द्यायची, त्याच्या फार दूरचे हे नाही. आणि यादीच्याही वर एक नियम आहे: मिताहार. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा. गीतेचा सहावा अध्यायही हेच सांगतो, फार खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. माझी अडचण नुस्त्यात नव्हतीच, रात्री साडेनऊला घेतलेल्या दुसऱ्या वाढपात होती.

काही ग्रंथ तर या मिताहाराची गणना यमांतच करतात. म्हणजे खाण्याचे दार थेट तत्त्वज्ञानात उघडते. पतंजलींच्या 195 सूत्रांत आसनावर सूत्रे फक्त तीन! आठ अंगांत आसन तिसरे. त्याआधी यम आणि नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय, संतोष... मी तीन वर्षे तिसऱ्या पायरीवर उड्या मारत होतो, पहिल्या दोन न चढता. कुणाची तरी फाईल 'उद्या बघू' म्हणून बाजूला सारताना अस्तेय मोडते का, हा प्रश्न ताडासनात कधी पडला नव्हता. माणूस चार हेलपाटे घालतो, त्याचा वेळ आपण घेतोच ना?

तर जुलैपासून तीन बदल केले. आसने तीच, पण मोजकी आणि सावकाश. रात्री आठच्या आत पेज नाहीतर मुगाची खिचडी. दुपारचे नुस्ते चालू आहे, खोटे कशाला बोलू! आणि सकाळी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या पाच ओव्या. 1290 साली ज्ञानोबांनी योगाच्या वाटेला 'पंथराज' म्हटले, तेही आपल्या भाषेत. ते सोडून मी इंग्रजी चित्रफिती बघत होतो.

काटा थोडा खाली आला आहे. चिडचिडीबद्दल घरच्यांना अजून विचारलेले नाही. टेबलावर मात्र परवा संध्याकाळी एकही कालची फाईल नव्हती. पुढच्या 21 जूनला सहकारी पुन्हा 'योग जालो' म्हणेल, तेव्हा भाजी-पाव खाता खाता त्याला बडोद्याची ही गोष्ट सांगणार आहे.