ओणवं होण्याची कुळकथा

बाई ‘अडली’ असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा अडलेलं असतं ते बाळाचं वळण. ओटीपोटातल्या हाडांच्या कड्याचं वरचं तोंड आडवं रुंद, खालचं पुढून मागे रुंद. त्यामुळे बाळाला डोकं फिरवत फिरवतच खाली उतरावं लागतं. त्याची पाठ आईच्या पाठीकडे असेल, तर हा फेरा लांबतो आणि कळा कमरेत ठाण मांडतात. अशा वेळी हात आणि गुडघे टेकून ओणवं व्हावंसं कित्येक बायांना आपोआप वाटतं.

या ओणवं होण्याला कुणी जनक नाही. बिछान्यावर आडवं होऊन बाळंत होण्याच्या रीतीमागे मात्र एक ठळक नाव आहे. पॅरिसच्या फ्रान्स्वा मोरिसो यांनी १६६८ सालच्या आपल्या ग्रंथात प्रसूतीसाठी बिछाना सुचवला. पुढे डॉक्टर आणि त्यांचे चिमटे प्रसूतीच्या खोलीत आले. उताणी बाई त्यांना सोयीची होती, आणि सोयीचीच रीत झाली. १८८२ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसचे डॉक्टर जॉर्ज एंगलमन यांनी जगभरच्या प्रसूतीच्या पद्धती एका पुस्तकात गोळा केल्या. उकिडवं, गुडघ्यांवर, दोराला धरून, कुणाच्या गळ्यात हात टाकून अशा नाना तऱ्हांनी बाया बाळंत होत होत्या, हे त्यातून डॉक्टरांसमोर आलं.

ओणवं झाल्याने बाळ वळतं का, याची नीट चाचणी १९८३ साली झाली. अँड्र्यूज यांनी दिवस भरत आलेल्या १०० बायांचे पाच गट केले. चार गटांना ओणवं होण्याचे वेगवेगळे प्रकार दिले, पाचव्याला नुसतं बसवलं. दहा मिनिटांनी पाहिलं, तर ओणव्या बायांची बाळं जास्त वळलेली होती. यामागची कल्पना साधी होती: पोट झोळीसारखं खाली लोंबलं, की बाळाची जड पाठ पुढे झुकते. १९९०च्या दशकात न्यूझीलंडच्या सुईण जीन सटन यांनी पॉलीन स्कॉट यांच्यासह हाच विचार गरोदर बायांपर्यंत नेला: मागे रेलू नका, पुढे झुका.

मग मोठी परीक्षा झाली. २००४ साली ऑस्ट्रेलियातला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २,५४७ बाया होत्या. एका गटाने ३७व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं ओणवं होऊन कंबर हलवली. प्रसूतीच्या वेळी मात्र दोन्ही गटांत उलट्या पाठीची बाळं सारखीच, शेकडा ८च्या आसपास निघाली. आदल्या आठवड्यांत वळलेलं बाळ पुन्हा फिरू शकतं.

२००५ साली कळा सुरू असलेल्या १४७ बायांचा अभ्यास आला. त्यांची बाळं पाठ मागे करूनच होती. तासाभरात किमान अर्धा तास ओणव्या राहिलेल्यांपैकी शेकडा १६ जणींची बाळं वळली, इतरांत शेकडा ७ जणींची. हा फरक ठाम निष्कर्षाला पुरेसा नव्हता. पण कमरेची कळ ओणव्या बायांना स्पष्टपणे कमी जाणवली.

मला या कुळकथेचं मर्म इथेच दिसतं. बाळाला वळवायचं म्हणून बाई ओणवी झाली नव्हती. कंबर फुटत होती, म्हणून ती वाकली होती. बाळ वळण्याचं कारण आपण मागून जोडलं. तिचं मूळ कारण खरं होतं आणि तेवढं पुरेसं आहे. बाळंत झालेल्या बाईला आपण ‘मोकळी झाली’ म्हणतो. कळा सोसतानाही तिला हवं तसं वाकायला, वळायला मोकळं ठेवणं आपल्या हाती आहे.