घुमटांतला नाद आणि यंत्रांतला पडसाद

सोलापूरहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी भीमा ओलांडून विजापूरच्या आसपास पोंचली म्हणजे घरें नीट दिसूं लागण्यापूर्वींच क्षितिजावर एक प्रचंड गोलार्ध उभा राहतो. हाच गोल घुमट. सोलापूर व विजापूर यांमधील अंतर सुमारें शंभर किलोमीटर; पण या दोन गांवांचा संबंध अंतरापेक्षां जवळचा आहे. सोलापूरचा भुईकोट किल्ला निजामशाही व आदिलशाही यांच्या सोयरिकींत हुंड्याचा विषय झाला, आणि १५२४ च्या सोयरिकीनंतर त्यावरून दोन्ही घराण्यांत दीर्घकाळ लढाया जुंपल्या. विजापूर जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यांतच होता. सोलापूरकरांना म्हणूनच हा घुमट परका वाटत नाहीं. लहानपणीं शाळेच्या सहलींत तेथें जाऊन आरोळी ठोकली नाहीं, असा सोलापूरकर विरळा.

त्या आरोळीचें पुढें काय होतें, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. गेल्या शंभर वर्षांत संगीताच्या ध्वनिमुद्रणानें जीं नानाविध यंत्रें निर्माण केलीं, त्यांतील एका मोठ्या शाखेचें सारें बीज त्या आरोळींत आहे.

मुहंमद आदिलशहा याच्या कारकीर्दींत, म्हणजे १६२७ ते १६५६ या काळांत, ही वास्तु उभी राहिली. तिच्या शिल्पाशीं याकूत दाभोळी हें नांव जोडलें जातें. आंतील दालनाची प्रत्येक बाजू सुमारें १३५ फूट असून मध्यें एकही खांब नाहीं. घुमटाचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट आहे. घुमटाच्या तळाशीं आंतल्या अंगानें एक सज्जा फिरतो. त्याच्या एका बाजूस केलेली कुजबूज गोलाकार भिंतीला धरून सरकत जाते आणि समोरच्या बाजूस उभ्या असलेल्या माणसाच्या कानांत स्पष्ट उतरते. लंडनच्या सेंट पॉल मंदिरांतील अशाच सज्ज्याची उपपत्ति लॉर्ड रॅले यांनीं मांडली होती. चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२१-२२ च्या सुमारास या विषयाचा पुन्हां अभ्यास केला, आणि त्यांत भारतांतील अशा वास्तूंबरोबर गोल घुमटाचाही विचार केला.

कुजबुजीपेक्षां आरोळीचें गणित सोपें आहे. उष्ण हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ११३० फूट चालतो. सज्ज्यावरून निघून समोरच्या भिंतीला आपटून परत येण्यास त्याला २४८ फूट चालावें लागतें. म्हणजे सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याहून किंचित् अधिक वेळ लागतो. मूळ ध्वनि व त्याची पुनरावृत्ति यांत सेकंदाच्या सुमारें विसाव्या हिश्श्याहून कमी अंतर असेल, तर कान दोहोंना एकच मानतो. अंतर त्याहून बरेंच वाढलें म्हणजे तो दोन ध्वनि वेगळे ओळखतो. घुमटांत ही मर्यादा कितीतरी ओलांडली जाते, आणि भिंती गुळगुळीत व कठीण असल्यामुळें ध्वनि पुनःपुन्हां परततो. दर खेपेस तो थोडा क्षीण आणि थोडा मऊ होतो. कारण हवा व चुना तीव्र स्वरांचा अंश आधीं गिळून टाकतात.

येथें दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. ज्याची प्रत्येक आवृत्ति वेगळी मोजतां येते तो प्रतिध्वनि. असंख्य आवृत्त्या एकमेकींत मिसळून मूळ स्वरामागें जें धूसर वलय राहतें तें अनुरणन. देवळाच्या गाभाऱ्यांत ओंकार घुमतो तें अनुरणन. डोंगरांत हांक परत येते तो प्रतिध्वनि. अनुरणन मोजण्याची शास्त्रीय रीत अमेरिकेंतील वॉलेस सॅबाइन यांनीं घालून दिली. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहांत बोललेला शब्द साडेपांच सेकंद रेंगाळत असे, त्यामुळें श्रोत्यांना कांहींच उमगत नसे. १८९५ पासून सॅबाइन यांनीं रात्रीच्या शांततेंत दुसऱ्या सभागृहांतील गाद्या आणून त्या दालनांत मांडल्या, आणि किती गादीनें किती अनुरणन घटतें याचा हिशेब बसविला. आज प्रत्येक नाट्यगृहाची आंखणी त्या हिशेबावर होते.

भारतीय गवयाला मात्र दालनाच्या कृपेवर विसंबून राहण्याचें कारण नव्हतें. त्यानें आपलें अनुरणन स्वतःबरोबर नेलें. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सरकवलेला दोरा जवारी उघडतो, आणि एक तार छेडतांच स्वरावलीचा झोत कितीतरी वेळ वाहत राहतो. सारंगीच्या तरफा कोणीं न छेडतांही मुख्य तारेच्या स्वराला झंकारून उत्तर देतात. मिरजेच्या प्रसिद्ध कारागिरांचे तंबोरे ज्या भोंपळ्यांवर उभे राहिले, ते भोंपळे सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या परिसरांत पिकत आले आहेत. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा तर इतका संगीतवेडा होता कीं, त्यानें आपल्या तंबोऱ्याला 'मोतीखान' असें नांव दिलें होतें. ज्या मुलखांत दगडाचा घुमट घुमला, त्याच मुलखांत भोंपळ्याचाही घुमत होता.

ध्वनिमुद्रणानें हें वैभव प्रथम हिरावून घेतलें. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्यास आले, तेव्हां गाणाऱ्यानें एका कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे. त्या तबकड्यांत गळा उमटला. परंतु खोली उमटली नाहीं. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन व विजेची मदत आली, तरी ध्वनिमुद्रणाच्या खोल्या जाड पडदे लावून मुद्दाम मुक्या केलेल्या असत. स्वर स्वच्छ येई. पण तो जणूं कपाटांतून येई. मग गेलेली खोली परत आणण्याची खटपट सुरू झाली. १९४७ सालीं शिकागो येथें बिल पटनम यांनीं एका तबकडीसाठीं चक्क न्हाणीघराचा उपयोग केला. फरशीच्या भिंतींत गाण्याचा आवाज सोडायचा, तेथें मायक्रोफोन ठेवून घुमलेला आवाज परत घ्यायचा आणि मूळ आवाजांत बेताबेतानें मिसळायचा, अशी ती युक्ति होती.

महाराष्ट्राला याचें सर्वांत ओळखीचें उदाहरण १९४९ चें आहे. बॉम्बे टॉकीजच्या 'महल' चित्रपटासाठीं खेमचंद प्रकाश यांनीं 'आयेगा आनेवाला' हें गीत लता मंगेशकर यांच्याकडून गाऊन घेतलें. दुरून जवळ येणारा आवाज हवा होता, आणि तो निर्माण करणारें यंत्र हाताशीं नव्हतें. लताबाईंनीं पुढें सांगितल्याप्रमाणें, मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागीं ठेवला गेला आणि त्या कोपऱ्यांतून गात गात पावलापावलानें त्याच्याकडे गेल्या. लांब असतांना मायक्रोफोनला गळ्यापेक्षां खोली अधिक ऐकूं येते; जवळ येतां येतां खोली मागें पडते व गळा पुढें येतो. विशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्या गायिकेनें स्वतःच्या पावलांनीं जें साधलें, तेंच पुढें यंत्रांनीं साधलें.

तीं यंत्रें तीन-चार प्रकारचीं होतीं. पहिलें फितीचें. फिरत्या चुंबकीय फितीवर एक शीर्ष आवाज उमटवितें, आणि कांहीं अंतरावरचें दुसरें शीर्ष तो वाचतें. फीत तेथवर पोंचेपर्यंत जो वेळ जातो, तोच विलंब. वाचलेल्या आवाजाचा थोडा भाग पुन्हां पहिल्या शीर्षाकडे पाठविला कीं आवृत्त्या सुरू होतात. मेंफिस येथें सॅम फिलिप्स यांनीं १९५४ च्या सुमारास दोन ध्वनिमुद्रण-यंत्रें जोडून हा परिणाम साधला. १९५८ सालीं इंग्लंडमध्यें चार्ली वॉटकिन्स यांचें 'कॉपीकॅट' आलें. १९७४ सालीं जपानच्या रोलंड कंपनीचें 'स्पेस एको' आलें. फितीची गति सेकंदास साडेसात इंच धरली, तर गोल घुमटाइतका विलंब मिळण्यास दोन शीर्षांमध्यें पावणेदोन इंचांहूनही किंचित् कमी अंतर पुरतें. आदिलशाहीला जें १२४ फूट रुंदीच्या घुमटानें साधलें, तें दोन बोटांच्या रुंदीच्या फितींत मावलें.

दुसरा प्रकार पत्र्याचा. १९५७ सालीं जर्मनीच्या ई.एम.टी. कंपनीनें सुमारें दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा पातळ पोलादी पत्रा चौकटींत टांगला आणि गाण्याच्या विद्युत्प्रवाहानें तो थरथरविला. त्यांतून दाट, रेशमी अनुरणन निघालें. तिसरा प्रकार स्प्रिंगांचा. तो स्वस्त व आटोपशीर, म्हणून वाद्यांच्या पेट्यांत शिरला. चौथा १९६९ सालीं हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेंत निघाला. आग लागली असतां माणसें रांगेनें पाण्याच्या बादल्या एका हातांतून दुसऱ्या हातांत देतात, तसा विद्युद्भार एका घरांतून दुसऱ्या घरांत सरकवीत न्यावयाचा. ओळ जितकी लांब व गति जितकी मंद, तितका विलंब अधिक.

घुमटापेक्षां यंत्राची एक सरशी निर्विवाद आहे. घुमटाचा विलंब बदलत नाहीं. फितीची गति बदलतां येते. मिनिटास १३६ मात्रांच्या लयींत घुमटाचा पडसाद सुमारें अर्ध्या मात्रेवर पडेल. लय बदलली कीं तो बेताल होईल. यंत्रावर मात्र कळ फिरवून पडसाद तालाशीं जुळवितां येतो. ज्यांनीं ही जुळवाजुळव केली नाहीं, त्यांनीं संगीताचें नुकसानच केलें. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाद्यवृंदांचें व उत्सवांच्या मांडवांचें युग आलें, तेव्हां 'एको' वाढविणें म्हणजेच गाणें खुलविणें असा समज पसरला. माणूस सेकंदाला चार-पांच अक्षरें उच्चारतो. त्यामुळें सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याचा पडसाद नेमका पुढच्या अक्षरावर आदळतो. संथ आलाप अशा पडसादांत फुलतो. द्रुत तान व मराठी भावगीताचा शब्द मात्र बुडतो.

१९७६ च्या सुमारास अंकीय यंत्रें आलीं, आणि हळूहळू जुनीं यंत्रें अडगळींत गेलीं. नव्या यंत्राची दहावी आवृत्ति पहिलीइतकीच निर्मळ निघूं शकते. मग एक विचित्र गोष्ट घडली. गायक-वादकांना तें निर्मळपण कोरडें वाटूं लागलें. फितीवरची प्रत्येक आवृत्ति आधीच्या आवृत्तीपेक्षां मळकट व मऊ होते, फीत किंचित् डुलते, स्वर हलतो. अभियंते ज्याला दोष म्हणत होते तोच दगडाच्या घुमटाचा धर्म होता. आज संगणकावर त्या दोषांची हुबेहूब नक्कल केली जाते, आणि मूळ यंत्रें शोधून विकत घेणारे लोक जगभर आहेत.

परंतु यंत्र विकत घेणें व तें जिवंत ठेवणें यांत अंतर आहे. फीत झिजते, रबराचे पट्टे सैल पडतात, शीर्षांवर मळ बसतो, विद्युत्संग्राहक वाळतात. हें सर्व कानानें ओळखणारा दुरुस्तीकार दुर्मिळ होत चालला आहे. सोलापूरला हा अनुभव नवा नाहीं. १८७७ सालीं सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडली, तेव्हां मागें साचे गेले आणि त्यांबरोबर आवाजावरून साच्याचा बिघाड ओळखणाऱ्या जॉबरांची विद्याही गेली. साचा संग्रहालयांत ठेवतां येतो. विद्या एका माणसानें दुसऱ्याला शिकविली तरच टिकते. जुन्या पडसादयंत्रांचें भवितव्य याच एका गोष्टीवर अवलंबून आहे.

गोल घुमटाला सुदैवानें सरकारी संरक्षण आहे, आणि त्याचे पट्टे सैल पडत नाहींत. सुट्टीच्या दिवशीं त्याच्या सज्ज्यावर शेंकडों लोक एकाच वेळीं ओरडतात, टाळ्या वाजवितात आणि त्या कल्लोळांत कुजबूज कोणालाच ऐकूं येत नाहीं. सकाळीं दार उघडतांच, गर्दी होण्यापूर्वीं, जो वर चढतो त्यालाच ती ऐकूं येते. भिंतीकडे तोंड करून हळू बोललेलें एक नांव पलीकडे उभ्या असलेल्या सोबत्यापर्यंत पूर्ण अक्षरांनिशीं पोंचतें.